मेटल डिटेक्टर सतत वाजतो किंवा वाजतच नाही: नाशिकच्या काळ्या मातीसाठी शोध-मोडची निवड

नाशिक जिल्ह्यात मेटल डिटेक्टर विकत किंवा भाड्याने घेणाऱ्यांची कामे बहुधा ठरलेली असतात. द्राक्षांच्या विरळणीत बोटातून निसटलेली अंगठी, खळ्यावर तुटून पडलेले मंगळसूत्र, गाळाखाली गेलेले व्हॉल्व्हच्या चेंबरचे झाकण किंवा मोजणीच्या वेळी बांधावर ठोकलेली लोखंडी खूण शोधायची असते. यंत्र माझ्याकडे परत येते तेव्हा तक्रारही ठरलेली असते: मशीन बिघडले आहे. उघडून पाहिले तर आत क्वचितच काही बिघडलेले असते. मोड, म्हणजे कोणत्या धातूंचे आवाज ऐकू द्यायचे याची निवड, चुकलेला असतो, किंवा मोड बरोबर असूनही तो लावल्यानंतर करायची जमिनीची जुळणी, म्हणजे मातीचा स्वतःचा संकेत वजा करणे, राहून गेलेली असते. म्हणून दुरुस्तीचा खर्च करण्यापूर्वी पुढील तपासण्या याच क्रमाने कराव्यात. पहिल्या काहींना एक रुपयाही लागत नाही.

आधी लक्षण नीट ओळखा

कोणतेही बटण दाबण्यापूर्वी यंत्र नेमके काय करते ते पाहावे, कारण वरवर सारख्या वाटणाऱ्या तक्रारींची कारणे अगदी वेगवेगळी असतात. कॉइल, म्हणजे दांड्याच्या टोकाची, जमिनीवरून फिरवायची चकती, जमिनीला टेकली की यंत्र ओरडते आणि उचलली की गप्प होते, हे एक लक्षण. कॉइल कंबरेइतक्या उंचीवर स्थिर धरली तरी तुटक किरकिर चालूच राहते, हे दुसरे, आणि त्याचा जमिनीशी काही संबंध नाही. तिसऱ्या प्रकारात यंत्र पूर्ण शांत असते, इतके शांत की समोर टाकलेल्या नाण्यावरही ते बोलत नाही. चौथ्यात एकदा स्पष्ट आवाज येतो, पण त्याच जागेवरून परत कॉइल फिरवली की येत नाही, आणि पडद्यावरचा, धातूचा प्रकार सुचवणारा आकडा एका फेरीत १२ तर दुसऱ्या फेरीत ७० दाखवतो. पाचवे लक्षण म्हणजे पिनपॉइंटचे, म्हणजे वस्तूची नेमकी जागा धरण्याचे, बटण दाबून ठेवल्यावर हळूहळू वाढत किंवा विरत जाणारा सलग गुणगुणाट. आपले लक्षण यांपैकी कोणते, हे ठरले की निम्मे काम झाले.

हवेतली परीक्षा

घर, शेड, ट्रॅक्टर आणि विजेच्या तारा यांपासून दूर मोकळ्या जागी उभे राहावे, कॉइल कंबरेच्या उंचीवर आडवी व स्थिर धरावी आणि ऐकावे. यंत्र शांत राहिले, तर त्याचे विद्युत-अंग बहुतांशी ठीक आहे आणि दोष जमिनीकडे किंवा मोडकडे शोधायचा आहे. किरकिर सुरूच असेल, तर जमिनीच्या जुळणीत वेळ न घालवता विजेच्या अडथळ्यांची तपासणी आधी करावी.

यानंतर कॉइलसमोरून, एका वीतेच्या अंतरावरून, एखादी धातूची वस्तू हलवून पाहावी. येथे हमखास एक घोटाळा होतो. खिशातले रुपयाचे किंवा दोन रुपयांचे नाणे काढले जाते, यंत्र 'कॉइन' मोडवर असते आणि तरीही ते वाजत नाही किंवा अडखळत वाजते. मग यंत्र निकामी असल्याचा निष्कर्ष निघतो. आपली सध्याची एक आणि दोन रुपयांची नाणी चुंबकाला चिकटणाऱ्या स्टेनलेस स्टीलची असतात. 'कॉइन' मोडची आखणी मात्र प्रामुख्याने परदेशातील तांबे, चांदी व निकेलच्या नाण्यांसाठी झालेली असते आणि तो मोड लोखंडाच्या गटातील संकेत मुद्दाम दाबतो. म्हणजे यंत्र आपले काम चोख करत असते. परीक्षेसाठी चुंबकाला न चिकटणारी वस्तू घ्यावी: दहा रुपयांचे दोन धातूंचे नाणे, तांब्याची पळी, चांदीचे जोडवे किंवा पितळी चकती. आणि जी वस्तू हरवली आहे, तिच्यासारखी दुसरी घरात असेल तर तीच वापरावी, कारण तिचा आकडा पुढे उपयोगी पडतो.

अंगावरचे आणि यंत्रावरचे धातू

हातातील बांगड्या व कडे, कमरेची किल्ल्यांची जुडी, पुढे लोखंडी टोपी असलेले बूट आणि कॉइलजवळ धरलेले खुरपे यांचा संकेत जमिनीतल्या वस्तूइतकाच खरा असतो. कॉइलचे क्षेत्र खाली जितके जाते तितकेच वरही येते, ही गोष्ट बरेच जण विसरतात. मोबाइल खिशात नको, गाडीत ठेवावा.

कॉइलची केबल दांड्याभोवती घट्ट गुंडाळलेली असावी. ती लोंबकळत असेल, तर प्रत्येक झोक्यासोबत खोटा आवाज येतो. जोडणीचा नट हाताने आवळून पाहावा आणि सेल नवे घालावेत.

कॉइलखाली प्लॅस्टिकचे आवरण असेल तर ते काढून धुवावे. आवरण आणि कॉइल यांच्यामध्ये आपल्याकडची बारीक काळी रेती साचते आणि ती चुंबकीय असते. गोदावरीच्या पात्रात किंवा ओढ्याकाठी काम केलेल्या यंत्रात हा थर इतका असतो, की कॉइल सतत काही धातूवरच टेकलेली आहे असे यंत्र समजते. दहा मिनिटांच्या धुण्याने जाणारी ही तक्रार लोक दुरुस्तीच्या दुकानापर्यंत घेऊन येतात.

विजेचा अडथळा

हवेत किरकिर करणाऱ्या यंत्रासाठी ही तपासणी आहे. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर, सौरपंपाचा कंट्रोलर, झटका-कुंपणाची मशीन, घराबाहेरचे एलईडी दिवे आणि डोक्यावरून जाणाऱ्या उच्च दाबाच्या वाहिन्या हे नेहमीचे कारणीभूत. एकलहरे परिसरात किंवा सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीच्या कडेला शांत जागा शोधावीच लागते. मोटार बंद करून पाहावी. शक्य असेल तर वीज नसण्याच्या वेळेतच शोध घ्यावा. भारनियमनाचा एवढा तरी उपयोग करून घेता येतो.

यंत्रात नॉइज कॅन्सल किंवा फ्रिक्वेन्सी शिफ्टची सोय असेल, तर कॉइल स्थिर धरून ती चालवावी, म्हणजे यंत्र आपली फ्रिक्वेन्सी अडथळ्यापासून थोडी बाजूला सरकवते. कॉइल हलत असताना ती चालवली तर निकाल भरवशाचा राहत नाही. दोन यंत्रे एकाच वावरात चालत असतील तर ती एकमेकांना ऐकतात. त्यांच्यात पंधरा-वीस मीटर अंतर ठेवावे किंवा एक बंद करावे.

मोड: काय ऐकायचे आणि काय गाळायचे

हवेत शांत असलेले यंत्र शेतात चुकते, तेव्हा सर्वप्रथम मोड पाहावा. भाड्याच्या यंत्रात आधीच्या माणसाने केलेले बदल शिल्लक राहतात, म्हणून पहिले पाऊल म्हणजे फॅक्टरी रीसेट. मग मोडचा विचार करावा.

बाजारातील बहुतेक यंत्रे अत्यंत कमी फ्रिक्वेन्सीच्या वर्गातील आहेत. कॉइल सेकंदाला काही हजार वेळा दिशा बदलणारे चुंबकीय क्षेत्र जमिनीत सोडते, धातूत त्यामुळे प्रवाह उठतात आणि त्यांचे उत्तर किंचित उशिराने परत येते. हा उशीर लोखंडाचा वेगळा, सोन्याचा वेगळा, चांदीचा वेगळा असतो, आणि मोड म्हणजे त्या उशिरांपैकी कोणते कानापर्यंत येऊ द्यायचे याचा ठरवलेला नियम असतो. 'ऑल मेटल' काहीच गाळत नाही. 'ज्वेलरी' लोखंडाचा काही भाग गाळते. 'कॉइन' लोखंडाबरोबर पातळ ॲल्युमिनियमचा पट्टाही गाळते. नावे कंपनीगणिक बदलतात, पण गाळण्याचे तत्त्व तेच राहते.

सोने शोधणाऱ्याने येथे थांबून विचार करावा. बारीक अंगठी, साखळीची कडी किंवा मंगळसूत्राच्या वाट्या यांचे आकडे ॲल्युमिनियमच्या पातळ पापुद्र्याच्या अगदी शेजारी पडतात. साखळी कितीही लांब असली तरी यंत्राला ती सलग वस्तू म्हणून दिसत नाही. प्रत्येक कडी वेगळी दिसते, म्हणून संकेत क्षीण येतो आणि बहुधा फाशाचा किंवा वाट्यांचाच येतो. द्राक्षबागेत औषधांच्या बाटल्यांच्या तोंडची चंदेरी सीले आणि गोळ्यांची रिकामी पाकिटे पसरलेली असतात. ती टाळण्यासाठी तो पट्टा बंद केला की हरवलेले सोनेही त्याबरोबर गप्प होते. सोन्याच्या शोधात चंदेरी कचरा उकरावाच लागतो, त्याला पर्याय नाही. ज्यांना हे मान्य नसेल त्यांनी यंत्र आणूच नये, असे मी स्पष्ट सांगतो.

लोखंडाचा प्रश्न याहून अवघड आहे. बागेत लोखंडी अँगल, जस्ताच्या मुलाम्याच्या तारा, ठिबकची नळी टांगायची तार आणि दर छाटणीनंतर खाली पडलेले बाइंडिंग तारेचे तुकडे असतात. लोखंड पूर्ण गाळणाऱ्या मोडमध्ये यंत्र अशा तुकड्यावरून जाताना क्षणभर बहिरे होते, आणि त्याच क्षणात शेजारची अंगठी निसटते. त्यामुळे बागेत लोखंड गाळण्याऐवजी त्याला वेगळा आवाज द्यावा: मोड 'ऑल मेटल', टोन एकाहून अधिक, लोखंडासाठी सर्वांत खालचा सूर. खालच्या सुरांच्या गर्दीत मध्येच उमटणारा उंच, आखूड सूर कान काही वेळात ओळखू लागतो. रिकव्हरी स्पीडची सोय असेल तर ती वाढवावी, म्हणजे एका तुकड्यानंतर यंत्र लवकर सावरते. खोली थोडी कमी होते, पण नुकतीच पडलेली अंगठी फार खोल नसतेच.

याउलट चेंबरचे झाकण किंवा मोजणीची खूण शोधायची असेल, तर लोखंड गाळणारा कोणताही मोड हा सरळ अडथळा आहे. लोखंड शोधताना 'कॉइन' मोडवर दिवसभर फिरून रिकाम्या हाताने परतलेले लोक मी पुन्हा पुन्हा पाहतो.

पावसाळ्यात आणखी एक गैरसमज दिसतो. जमीन ओली आहे म्हणून 'बीच' मोड लावला जातो. तो मोड समुद्राच्या खाऱ्या ओलाव्यासाठी आहे. खारे पाणी वीज वाहते म्हणून वाजते, आपली माती चुंबकीय आहे म्हणून वाजते, आणि यंत्राच्या मोजपट्टीवर ही दोन कारणे परस्परविरुद्ध टोकांना असतात. नाशिकमध्ये 'फील्ड' किंवा 'पार्क' मोडपासून सुरुवात करावी. फ्रिक्वेन्सी निवडता येत असेल तर पातळ सोन्यासाठी पंधरा-वीस किलोहर्ट्झच्या आसपासची आणि मोठ्या चांदी-तांब्यासाठी खालची निवडावी. अनेक फ्रिक्वेन्सी एकाच वेळी चालवणारे यंत्र असेल तर तोच पर्याय ठेवावा, कारण चुंबकीय मातीत ते अधिक स्थिर राहते.

जमिनीची जुळणी

कॉइल टेकली की ओरडणाऱ्या यंत्राचे मूळ येथे आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर पसरलेल्या लाव्ह्याचा बेसॉल्ट झिजून आपली काळी माती झाली, आणि त्या खडकातील मॅग्नेटाइट हे चुंबकीय लोहखनिज मातीत उतरले. खात्री करायची असेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला चुंबक कोरड्या मातीतून फिरवावा; त्याला काळ्या कणांची लव चिकटते. या कणांचे उत्तर अंगठीच्या उत्तरापेक्षा कितीतरी मोठे असते. ते वजा करण्याच्या क्रियेला ग्राउंड बॅलन्स म्हणतात, आणि कारखान्यात ठरवून दिलेली जुळणी निफाडच्या खोल काळ्या जमिनीत किंवा सिन्नरच्या मुरमाड माळावर सहसा पुरी पडत नाही.

प्रथम धातू नसलेली हातभर जागा शोधावी. मग कॉइल जमिनीला समांतर ठेवून सुमारे दोन सेंटिमीटर ते एक फूट या उंचीत सावकाश वर-खाली करावी आणि वर जाताना व खाली येताना आवाज सारखा होईपर्यंत जुळणी करावी. स्वयंचलित सोय असेल तर बटण दाबून हीच हालचाल करायची असते. धातूवर उभे राहून जुळणी केली तर यंत्र तो धातूच वजा करायला शिकते आणि त्यापुढचे सगळे वाचन बिघडते. काळ्या जमिनीतून मुरमात शिरताना, किंवा कोरड्या ओळीतून भिजवलेल्या ओळीत जाताना, जुळणी पुन्हा करावी.

जुळणी करूनही अधूनमधून एखादा दगड वाजतो. तो आजूबाजूच्या मातीपेक्षा अधिक चुंबकीय असतो, इतकेच. पायाने दगड बाजूला करून पुन्हा फिरवावे. आवाज दगडाबरोबर गेला तर उकरण्याची गरज नाही.

शोधासाठी वाफसा असलेली जमीन सर्वांत चांगली. उन्हाळ्यातील भेगाळलेल्या काळ्या जमिनीत भेगेच्या कडेवर खोटे आवाज येतात आणि बारीक वस्तू भेगेतून यंत्राच्या पल्ल्याबाहेर जाऊ शकते.

संवेदनशीलता, झोका आणि पिनपॉइंट

सेन्सिटिव्हिटी पूर्ण वाढवली की खोल दिसेल, ही समजूत आपल्या मातीत उलटी पडते, कारण वाढवलेला आवाज मातीचाच असतो. यंत्र शांत होईपर्यंत ती कमी करावी. एकदाच वाजणारे आणि आकडा उड्या मारणारे संकेत यानंतर बरेच कमी होतात. उरलेल्यांसाठी नव्वद अंशांत वळून त्याच जागेवरून कॉइल फिरवावी: खरी वस्तू दोन्ही दिशांनी बोलते, वाकडा खिळा किंवा तार बहुधा एकाच दिशेने. मोठा, सपाट लोखंडी पत्रा मात्र चांदीसारखा उंच आकडा देऊ शकतो. त्यासाठी कॉइल हळूहळू वर उचलावी. लहान वस्तूचा आवाज लगेच विरतो, मोठ्या वस्तूचा फूटभर वरही टिकतो.

लोखंड वेगळे करणारे मोड कॉइल हलत असतानाच काम करतात. वस्तूवर कॉइल स्थिर धरली की यंत्र गप्प बसते. हा दोष नाही. सावकाश, जमिनीला समांतर, प्रत्येक झोका आधीच्या झोक्यावर निम्मा चढवत चालावे. बागेत वेलींच्या ओळीला समांतर फिरवले तर खांब कमी आडवे येतात.

पिनपॉइंटचे तत्त्व याच्या उलट आहे: त्यात कॉइल स्थिर ठेवली तरी आवाज राहतो, पण कोणताही धातू गाळला जात नाही आणि काही वेळाने त्याचा समतोल सरकतो. सलग वाढत किंवा विरत जाणारा गुणगुणाट याचाच असतो. बटण दाबून ठेवून वावरभर शोधत फिरू नये. वस्तूच्या बाजूला, मोकळ्या जमिनीवर बटण दाबावे, वस्तूवरून उभे-आडवे फिरवून मधला बिंदू पकडावा आणि सोडून द्यावे.

कॉइल बदलून पाहणे

ही पहिली खर्चाची पायरी आहे, म्हणून ती शेवटी. खांबांच्या गर्दीत लहान कॉइल खोली थोडी गमावते, पण दोन तुकड्यांना वेगळे पाहते. चुंबकीय मातीत एकाच केंद्राच्या गोल कॉइलपेक्षा डबल-डी प्रकारची (आत D आकाराची दोन वेटोळी असलेली) कॉइल अधिक शांत चालते, कारण ती जमिनीचा अरुंद पट्टाच वाचते. विकत घेण्यापूर्वी त्याच मॉडेलची दुसऱ्याची कॉइल लावून पाहावी. पल्स इंडक्शनचे, म्हणजे सलग क्षेत्राऐवजी चुंबकीय ठोके सोडणारे, यंत्र घ्यावे का, असे विचारले जाते. ते लोखंड आणि सोने यांत विश्वासाने फरक करत नाही, त्यामुळे बागेसाठी मी ते सुचवत नाही.

कोठे थांबावे आणि कोणाला बोलवावे

चांगली दुसरी कॉइल लावून, विजेपासून दूर, रीसेट करूनही हवेत किरकिर राहिली, तर दोष मुख्य पेटीत आहे आणि ती उघडू नये. कॉइलही फोडू नये. तिच्या आतील प्रेषक व ग्राहक वेटोळी एकमेकांचा प्रभाव रद्द होईल अशा अचूक अंतरावर राळेत बसवलेली असतात. ती हलली की घरी जुळत नाहीत. कॉइलला तडा जाऊन पाणी शिरले असेल तर ती बदलायची असते.

पीव्हीसीची पाइपलाइन या यंत्राने सापडत नाही, मोड कोणताही असो. त्यासाठी पाइप शोधण्याची वेगळी साधने असलेल्या व्यावसायिकाला बोलवावे. जमिनीखालून मोटारीची केबल गेल्याची शंका असेल तर मेन स्विच बंद करून वायरमनला विचारल्याशिवाय कुदळ मारू नये, आणि केबल महावितरणची असेल तर तेथील कर्मचारी येईपर्यंत थांबावे.

देवळालीच्या तोफखाना सराव क्षेत्राच्या हद्दीत यंत्र घेऊन जाऊच नये. त्या बाजूच्या कोणत्याही शेतात नळकांड्यासारखी, निमुळत्या टोकाची, विशेषतः तांब्याची पट्टी असलेली वस्तू दिसली तर तिला हात न लावता, न उकरता मागे फिरावे, जागेवर कोणाला जाऊ देऊ नये आणि ११२ क्रमांकावर पोलिसांना कळवावे. त्या पट्टीमुळे यंत्र तेथे अत्यंत मोहक उंच सूर देते, हे लक्षात ठेवावे.

पांडवलेण्यांसारख्या संरक्षित स्मारकांच्या परिसरात शोध घेऊ नये, तेथे १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा लागू आहे. स्वतःच्या वावरातही पुरून ठेवलेला, दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडला तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. शंभर मीटरवरून गुप्तधन दाखवणारी दांडी विकायला कोणी आला, तर त्या दांडीला कॉइल तरी आहे का ते पाहावे. हातात धरून चालवायचे कोणतेही मेटल डिटेक्टर एवढ्या अंतरावरून सोने ओळखत नाही.

यंत्र दुरुस्तीला पाठवताना पेटी आणि कॉइल दोन्ही सोबत द्यावीत आणि एका कागदावर चार गोष्टी लिहाव्यात: आवाज हवेत येतो की जमिनीवर, मोड कोणता होता, जमीन काळी होती की मुरमाड आणि परीक्षेसाठी कोणती वस्तू वापरली. एवढे लिहिलेले यंत्र पुष्कळदा फोनवरच दुरुस्त होते आणि पाठवावे लागत नाही.